काकूंना बसवून ठेवू नकोस

पुणे, रविवार

प्रिय सुध्या,

काकूंना पार्किन्सन्स निघाला हे ऐकून वाईट वाटलंच, पण त्याहून लागलं ते फोनवरचं तुझं शेवटचं वाक्य: "आता तिला काही करूच देत नाही, नुसती बसवून ठेवतो."

अरे, बाबांच्या बाबतीत पहिलं वर्ष मी हेच केलं. शर्टाची बटणं मी लावायची, घास मी भरवायचा. लोक थरथरत्या हाताकडे बघतात म्हणून लग्नाकार्यालाही नेलं नाही. बाबा दिवसेंदिवस मुके होत गेले.

एकदा बाथरूमच्या उंबऱ्याशी त्यांचे पाय जमिनीला चिकटले. मी घाईनं हात धरून ओढलं आणि ते पडले. तो आवाज अजून कानात आहे. अशा वेळी ओढायचं नसतं, हे पुढे पार्किन्सन्स मित्रमंडळ या इथल्या आधारगटात कळलं. थांबू द्यायचं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घ्यायला सांगायचं, मग समोरची रेघ ओलांडल्यासारखं मोठं पाऊल. मेंदूत डोपामाइन हे रसायन कमी पडतं म्हणून आपसूक होणारं चालणं अडतं. पण रेघ दिसली किंवा ताल मिळाला की तेच पाय बरेचदा उचलले जातात. आमच्या पॅसेजमध्ये आता पिवळ्या पट्ट्या चिकटवल्यात.

मंडळात 'रुग्ण' हा शब्दच नाही. आजार असलेला तो शुभार्थी आणि सांभाळणारा शुभंकर. पुण्यात ऋषिकेश पवार यांनी शुभार्थींसाठी नृत्याचे वर्ग सुरू केले, हे तिथेच समजलं. बाबा आणि नाच! पण ठेक्यावर हात वर नेताना, आपल्यासारखेच थरथरणारे दहा हात आजूबाजूला बघून माणूस लपणं सोडतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आजार बरा होत नाही, औषधंही सुटत नाहीत. तोल, चाल आणि उमेद टिकायला मात्र मदत होते.

तुमच्या मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी २००१ पासून हेच काम करते. त्यांचे आधारगट असतात, व्यायाम असतो. डॉक्टरांना विचार आणि काकूंना घेऊन जा. तूही तिथेच थांब, शिकायचं तुलाही आहे. व्यायाम गोळीचा असर असतानाच करायचा. लेव्होडोपाची, म्हणजे या आजारावरच्या मुख्य गोळीची, वेळ चुकवू नकोस. ती गोळी दूध-पनीरासोबत दिली तर नीट शोषली जात नाही, म्हणून मध्ये किती अंतर ठेवायचं तेही विचारून घे. आवाज बारीक झाला असेल तर रोज मोठ्यानं पाढे म्हणायला लाव.

आणि काकूंना कणीक मळू दे. वेळ लागेल, परातीबाहेर थोडी सांडेल. सांडू दे.

पुढच्या शनिवारी बाबांना घेऊन येतोय. पट्ट्यांचं बंडल आणतो, तुमचा पॅसेज आपण दोघं मिळून आखू. काकूंना साष्टांग नमस्कार.

तुझा,
अविनाश