ऑर्किडच्या लाइटसाठी कुडाळच्या काकांचे मनापासून आभार

काका, नमस्कार.

तुमच्या लाइटच्या दुकानात समोर उभं राहून आभार मानायला लागलं की तुम्ही "असांदे गो" म्हणता आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. आपल्याकडे ऑर्किड लावणारे बरेच आहेत आणि लाइट घेताना तुम्ही जे बघायला शिकवलंत ते त्यांनाही कळू दे.

आमचं घर तुम्ही बघितलंय, कौलारू, पडवी खाली उतरलेली, मागे फणस पुढे माड, त्यात जून लागला की चार महिने आभाळ भरलेलंच, त्यामुळे खिडकीतल्या फॅलेनॉप्सिसची (माझ्याकडची ऑर्किड) पानं गडद हिरवी, लांबट आणि लोळलेली व्हायची आणि फुलाचा पत्ता नाही. मी तुमच्याकडे आले ते जांभळ्या ग्रोलाइटचा, म्हणजे झाडं वाढवायच्या खास दिव्याचा, भाव विचारायला. तुम्हाला तो विकून चांगले पैसे सुटले असते. पण तुम्ही आधी विचारलंत झाड कुठलं, खोली कुठली, फळी किती लांब, त्या खोलीत कोण बसतं का. आणि मग म्हणालात, "खोक्यार काय लिवलला ता सोड, पानार किती पडता ता बघ."

हे एक वाक्य मी कितीतरी जणांना सांगितलंय.

तुम्ही मोबाइलमधलं लक्स, म्हणजे पडणारा उजेड, मोजायचं अ‍ॅप काढून काउंटरवर ठेवलंत, दुकान लख्ख दिसत होतं पण आकडा जेमतेम तीनशेच्या आसपास, आणि तोच मोबाइल बाहेर पायरीवर नेला तर ढगाळ असूनही दहा हजाराच्या वर! आपला डोळा अंधाराला लगेच सरावतो, झाडाला तशी सोय नाही. फॅलेनॉप्सिसला साधारण 10 ते 15 हजार लक्स चांगले आणि ही ऑर्किडमधली कमी उजेडात भागवणारी जात, हे मला वाचून माहीत होतं, पण घरातला उजेड त्याच्यापासून किती लांब आहे हे त्या पायरीवर कळलं. खोक्यावरचे लुमेन म्हणजे दिव्यातून एकूण बाहेर पडणारा उजेड, आणि लक्स म्हणजे तो पसरून एका चौरस मीटरवर किती पडला ते, म्हणून बल्ब एक फुटावरून दोन फुटांवर नेला की पानावर पावच उरतो. लांब ट्यूबचा उजेड जवळच्या अंतरात इतका झपाट्याने कमी होत नाही आणि पूर्ण फळीवर सारखा पडतो, म्हणून बल्ब नको, चार फुटी बॅटन (सरळ पट्टीसारखी एलईडी ट्यूब) घे, हे तुमचंच.

रंगाचं पण तुम्ही किती नीट समजावलंत. बंद एलईडी पट्टीवरचे ते पिवळे ठिपके दाखवलेत, आत निळी चिप आणि वर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे निळ्यातला काही उजेड पिवळा करणाऱ्या पुडीचा, थर, दोन्ही मिळून पांढरा उजेड, आणि त्यात झाडाला लागणारा निळा, लाल, मधला हिरवा सगळाच थोडाफार असतो. (ज्या निळ्या एलईडीमुळे हे जमलं तिच्या शोधाला 2014 चं फिजिक्सचं नोबेल मिळालंय, हे मला नंतर भाच्याने सांगितलं.) जांभळ्या लाइटखाली झाड वाढत नाही असं नाही, वाढतं. पण त्या उजेडात हिरवं पान काळपट दिसतं, आणि आपल्या पावसाळ्यात पानाच्या बुडाला कुज धरते ती पहिल्या दिवशी दिसली तरच झाड वाचतं. शिवाय त्या खोलीत सासूबाई पोथी वाचतात. 20 वॅटचे तीन बॅटन, 4000 केल्विनचे (म्हणजे ना पिवळट ना निळसर, मधला पांढरा उजेड), पानांपासून वीतभर वर लावले तर मधे आठ-नऊ हजार लक्स मिळतात, कडेला कमी. अ‍ॅपचा आकडा अंदाजेच असतो, पण बारा तास चालू ठेवल्यावर तेवढ्यात भागतं. रोज पाऊण युनिटच्या आत, महिन्याला बावीसेक युनिट.

खरं तर मला सगळ्यात जास्त आभार मानायचेत ते वायरिंगचे, कारण ते कुणी सांगतच नाही. आपल्या खाऱ्या दमट हवेत साधा बॅटन आतून गंजतो म्हणून तुम्ही आयपी 65 वाला दिलात, त्यात धूळ आणि पाण्याचा फवारा शिरत नाही. सॉकेट फळीच्या वर घेतलात, आणि वायरीला सॉकेटच्या खाली झोल ठेवलात, म्हणजे फवारणीचं पाणी वायरीवरून ओघळलं तरी झोलाच्या तळाशी ठिबकून जातं, सॉकेटात जात नाही. बोट लावून तो झोल दाखवलात आणि म्हणालात, हा कधी ताणून सरळ करायचा नाही. टायमर पण बॅटरी बॅकअपचा डिजिटल, कारण साध्या फिरत्या चकतीचा टायमर लाइट गेली की थांबतो आणि आपल्याकडे पावसात लाइट किती वेळा जाते ते काय सांगायचं, आठवड्यात त्याची सकाळ दुपारी होईल. आणि फॅलेनॉप्सिसला रात्रीचा अंधार लागतोच, ती पानांची छिद्रं रात्री उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते. लाइट जास्त वेळ ठेवला की जास्त फुलं, असं नसतं.

आता पानं पोपटीकडे झुकलीत आणि ताठ उभी आहेत. डिसेंबरच्या थंड रात्रींनंतर एका झाडाच्या पानाच्या बेचक्यातून काहीतरी हिरवं डोकावलं, मूळ असेल म्हणून भिंगातून बघितलं, मुळाचं टोक गोल आणि गुळगुळीत असतं, हे चपटं होतं, लहान बाळाच्या बंद मुठीसारखं. फुलाचा दांडा! दांडा यायला थंडी लागते, त्यामुळे सगळं श्रेय बॅटनला द्यायचं नाही हे मला कळतं, पण आधीच्या हिवाळ्यात थंडी होतीच की, पोटात काही नसलेलं झाड फुलणार कुठून.

एक राहिलंच. तुमच्या दुकानात कुणीतरी विचारत होतं, आंब्यावरची सीतेची वेणी (आपली रानातली ऑर्किड) काढून अशी लाइटखाली लावता येईल का. तुम्ही "नाही" म्हणालात ते फार बरं केलंत. ती बांडगूळ नाही, आंब्यातून काही शोषत नाही, आणि तिला आंब्यावर मिळतो तेवढा उजेड नि वारा घरात कुठून आणणार, तिला तिथेच राहू दे.

आता कॅटलिया ही दुसरी ऑर्किड आणायचीय. तिला 20 ते 30 हजार लक्स लागतात, म्हणजे हे बॅटन पुरणार नाहीत. पुढच्या बाजाराला फळीचं माप घेऊन येते, तोवर काही बघून ठेवा. आणि काकींना घेऊन घरी या, फॅलेनॉप्सिसची फुलं दोन-दोन महिने टिकतात, त्यामुळे दुकानाला सुट्टी नाही हे कारण चालणार नाही.

तुमची,
फणसाखालच्या घरातली