सशाचे डोळे कशाला?

संपादक साहेब, नमस्कार.
बी. फार्मला असताना सशाच्या डोळ्यात थेंब टाकायचं प्रॅक्टिकल होतं, मी त्याला धरून बसायचो आणि तो बिचारा हूं की चूं करायचा नाही. सशाच्या डोळ्यात केमिकल टाकून जळजळ बघायची ती ड्रेझ टेस्ट तर १९४४ ची, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधीची! आता माणसाच्या पेशींपासून कॉर्नियासारखा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यासारखा थर वाढवतात, त्यावर केमिकल टाकतात, मग पिवळा डाय घालतात, जिवंत पेशी तो जांभळा करतात, रंग फिका म्हणजे माल जहाल. कॉस्मेटिक्सची प्राण्यांवरची टेस्टिंग आपल्याकडे २०१४ लाच बंद झाली, औषधांच्या नियमांतही २०२३ मध्ये पेशींवरच्या पद्धती आल्या. अख्ख्या शरीरात काय होतं ते पेशींची प्लेट सांगत नाही हे मान्य, पण डोळ्याच्या जळजळीला ससा कशाला? पुतण्या यंदा फार्मसीला आहे, त्यांच्या लॅबमध्ये पेशी वाढवायला इन्क्युबेटरच नाही म्हणतो.
- एक फार्मासिस्ट, नाशिक