आमच्या किराणावाल्या मामांचे जाहीर आभार

नमस्कार मामा,

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, असू दे माय" म्हणता आन् पुढच्या गिऱ्हाईकाची पुडी बांधायला लागता, म्हणून हे इथं सगळ्यांसमोर लिहायलेय. नातवाकडून वाचून घ्या, आणि मधेच उठू नका.

वाचणाऱ्यांसाठी सांगते, हे माझे सख्खे मामा नाहीत. लातुरात गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यातल्या एका रस्त्यावर ह्यांचं किराणा दुकान आहे आणि माझ्या सासऱ्यांच्या काळापासून आमच्या घराचं खातं तिथंच आहे. महिन्याची यादी द्यायची, माल घरी येतो, पैसे कधी पगारावर तर कधी रास विकल्यावर. अशी खाती आपल्याकडं घरोघरी असतात. पण ह्या माणसानं स्वतःच्या गल्ल्याला झळ लावून आमचं घर सावरलं, पैशानं आणि तब्येतीनं, दोन्हीनं, आणि ते कसं सावरलं हे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

२०२४ ची दिवाळी आठवा. सप्टेंबरात सरकारनं बाहेरून येणाऱ्या खाद्यतेलावरचं शुल्क वाढवलं होतं, सोयाबीनवाल्याला चार पैसे जास्त मिळावेत म्हणून, पण आमच्या घरात झालं असं की तेलाचा पुडा लगेच महागला आणि आमचं सोयाबीन मार्केट यार्डात गेलं तर क्विंटलला ४८९२ चा हमीभाव राहिला कागदावर, हातात आलेला भाव त्याच्या बराच खाली. तिकडं पोराच्या नीटच्या क्लासचा हप्ता तोंडावर. लातुरात राहून क्लास लावला नाही असं घर दाखवा, आणि फी ऐकून पोटात गोळा आला नाही असे आईबाप दाखवा. सासूबाईंच्या गुडघ्यांचं औषध, पोरीच्या स्थळांची बोलणी चालू, आणि ह्यांचा आडतीवरचा पगार आहे तेवढाच.

त्याच दिवसांत माझी तपासणी झाली सरकारी दवाखान्यात. वय ४६, पाळी कधी दोन महिन्यांनी तर कधी पंधरा दिवसांत, आणि पोटावर असं वजन चढलं होतं की खाली बसून भाजी निवडायची म्हटलं तरी धाप लागायची. वजन ७८, बीपी १५० वर ९६, उपाशीपोटी शुगर ११८. डॉक्टरबाई म्हणल्या अजून डायबेटिस नाही, १२६ किंवा त्याच्या वर गेली की मग तो, पण १०० च्या पुढं गेलात म्हणजे वाटेवर आहात. वजनाच्या पाच ते दहा टक्के उतरले तरी बीपीला आणि शुगरला फरक पडतो असं पण त्यांनी नीट समजावून सांगितलं. तेलकट गोड कमी करा म्हणल्या. बाहेर एवढी रांग होती, त्या तरी किती सांगणार. पण घरी आल्यावर प्रश्न पडतोच ना, कमी म्हणजे किती कमी? कशातून कमी?

मी तुमच्याकडं आले ते उधारी थांबवून घ्यायला मामा. तूर निघेपर्यंत सांभाळून घ्या म्हणायचं होतं, जीभ रेटत नव्हती. तुम्ही मला बसायला स्टूल दिलं, चहा सांगितला, मी बिनसाखरेचा म्हटलं तर का म्हणून विचारलं आणि मी सगळं सांगत गेले, बीपी, शुगर, क्लास, सोयाबीन सगळं. तुम्ही पैशाचं एक अक्षर काढलं नाही. लाल वही काढली आणि आमची पानं मागं मागं उलटत गेलात, चष्मा नाकावर, आणि एका कागदावर टिपणं करायला लागलात. मला वाटलं उधारीची बेरीज करायलेत. तर तुम्ही लिहिलं होतं तेल, साखर, फरसाण, खारी, बेसन, मैदा, आणि प्रत्येकापुढं महिन्याचा आकडा.

"घरात पाच माणसं, तेल महिन्याला आठ लिटर. दिवाळीचा डबा येगळा. कुठं जायलंय माय हे?"

मला त्यावर बोलताच आलं नाही. कारण खरंच कुणाला माहीत असतं हो? स्वयंपाक करणारी कढईत बघते, पुड्यात बघत नाही. एक संपला की दुसरा फोडायचा. वर्षभर घरानं काय खाल्लं हे घरातल्या कुणाला सांगता आलं नसतं, ते तुमच्या वहीत तारखेनिशी लिहिलेलं होतं. आणि तुम्ही ते फक्त वसुलीसाठी न वापरता माझ्यापुढं ठेवलंत.

नंतर मी पोरीला बसवून मोबाईलवर शोधलं. हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे, त्यांच्या हिशोबानं मोठ्या माणसाला दिवसाला वरून घालायचं तेल-तूप मिळून २५ ते ३० ग्रॅम पुरे. एका लिटरमध्ये असतं साधारण ९१० ग्रॅम. पाच माणसं, सात दिवस, भागून बघा, माणशी २६ ग्रॅम येतं. म्हणजे आमच्या घराला आठवड्याला एक लिटर. तुम्ही तर हे कुठलंच गणित न करता त्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "आठवड्याला एकच पुडा देईन, वर मागायला आलीस तर दुकान बंद हाय म्हनंन." आणि एका लिटर तेलात आठ हजारावर कॅलरी असतात हे पोरीनं सांगितलं तेव्हा मला आमच्या आठ लिटरचा अर्थ कळला. करडईचं घ्या, शेंगदाण्याचं घ्या नाहीतर सोयाबीनचं, कॅलरीत सगळी सारखीच. घाण्याचं तेल आणलं म्हणून जास्त ओतायला मोकळीक मिळत नाही, आमच्या गल्लीत खूप जणींचा तो गैरसमज आहे म्हणून मुद्दाम लिहिलं.

सासूबाई पहिल्यांदा चिडल्याच. एवढ्याशा तेलात आमटीला तर्री यायची कशी आणि पाव्हण्यापुढं काय ठेवायचं. तेव्हा तुम्ही दुकानातून फोन करून त्यांना जे बोललात ते मी कधी विसरणार नाही. "वयनी, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तवा आपून घागरी मोजून महिने काढले का नाही? आख्ख्या लातूरनं काढले. पाणी मोजून वापरणाऱ्या माणसाला तेल मोजून वापरायला काय जड हाय?" सासूबाई गप्प झाल्या. आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीच जुन्या भांड्यातून पळी काढून दिली, लहान तोंडाची, म्हणल्या ह्या पळीनं घाल, त्या पुड्यानं धार धरू नको.

आता मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट सांगते, आणि ही कुणी दुकानदार सांगत नाही. आपल्याला शिकवलेलं असतं की एकदम घेतलं की स्वस्त पडतं. तुम्ही म्हणलात, एकदम घ्यायचं ते ज्वारी, गहू, डाळ, तांदूळ. हे जास्त आणलं म्हणून घरातलं माणूस जास्त खात नाही, दोन भाकरीच्या जागी चार नाही खाणार. पण तेल, साखर, फरसाण, बिस्किटं घरात जेवढी जास्त तेवढी लवकर संपतात, त्यात स्कीमचे पाच-दहा रुपये वाचले तरी माल दुप्पट जातो. म्हणून हे आठवड्याचंच घ्यायचं. आम्ही तेव्हापासून उन्हाळ्यात ज्वारी वर्षाची भरतो, कडुनिंबाचा पाला घालून, आणि साखर मात्र आठवड्याला पाऊण किलो. त्याच संस्थेचा आकडा साखरेला माणशी दिवसाला २५ ग्रॅमचा आहे, आमच्या पाच जणांना महिन्याला पावणेचार किलोच्या आतच बसतं, आणि वहीत होती आठ किलो. चहाच तो सगळा.

पुड्यावर काय वाचायचं हे पण तुम्हीच दाखवलंत. एमआरपीच्या जवळ बारीक अक्षरात एका ग्रॅमचा किंवा एका मिलीचा भाव छापलेला असतो, तो बघायचा, वरची मोठी ऑफर बघायची नाही. तेलाचे दोन पुडे शेजारी ठेवून दाखवलेत, दिसायला सारखेच, एकावर ९१० ग्रॅम आणि दुसऱ्यावर त्याच्याहून कमी, आणि स्वस्त म्हणून सगळे दुसराच उचलतात. माझी पोरगी बीकॉम झालेली आहे, तिला पण हे कुणी शिकवलं नव्हतं.

जेवण काय बदललं असं बाया विचारतात, कारण दिसायला लागलंय आता. खरं सांगू का, काही नवीन आणलं नाही. ओट्स नाही, पावडर नाही, काही नाही. रात्री पोळीच्या जागी ज्वारीची भाकर, तिला मळताना भाजताना तेल लागतच नाही. ज्वारी काही जादू करत नाही आणि आजकाल गव्हापेक्षा स्वस्त असतेच असं पण नाही, पण भाकर, वरण, अंबाडीची नाहीतर मेथीची पातळ भाजी एवढ्यात पोट खरंच भरतं. सकाळी पोह्यांच्या जागी कधी चुरमुऱ्यांची सुशीला, शेंगदाणे मोजून. धपाटे महिन्यातून एखादवेळी, ते सोडणार नाही, मराठवाड्यात राहून धपाटे सोडायचे म्हणजे काय. आणि येळवसीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात गेलो तेव्हा लक्षात आलं, आपला एवढा मोठा सण, आणि त्यात भज्जी (भाज्या-शेंगांची मिसळ भाजी, तळलेली भजी नव्हे), उंडे, आंबिल, तळलेलं जवळजवळ काहीच नाही. आपल्या बायांना हे सगळं आधीपासून येत होतं. संध्याकाळी सासूबाई सोडून आम्ही घरातले सगळे चालायला जातो, सासूबाई ओट्यावर बसून आम्ही खरंच दोन चकरा मारल्या का ते बघतात.

वर्षात माझं वजन ७८ वरून ७१ वर आलं मामा. म्हणजे डॉक्टरबाई म्हणल्या त्या पाच ते दहा टक्क्यांत मी बसले. कंबर अजून ८० सेंटीमीटरच्या वरच आहे, बाईची कंबर त्याच्या आत हवी म्हणतात, त्याला वेळ लागेल. उपाशीपोटी शुगर १०४. बीपीची एक गोळी चालू आहे आणि ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करणार नाही, तुम्ही दटावलंत ते लक्षात आहे. गोळी जनऔषधीतून आणते, तो पत्ता पण तुमचाच. ह्यांचा पट्टा दोन भोकं आत गेला. पोराच्या क्लासचे हप्ते चुकले नाहीत.

आणि पैशाचं सांगायचं तर किराण्याचं बिल जेवढं कमी झालं त्यातले हजार रुपये दर महिन्याला पोस्टात आरडीला जातात, पाच वर्षांची आहे, पोरीच्या नावानं. शंभर रुपयांपासून काढता येते, बायांनो, पोस्टात जाऊन विचारा. हजार म्हणजे फार नाही हे मला माहीत आहे. पण आमच्या घरात महिन्याच्या शेवटी हजार रुपये उरलेत असं लग्न होऊन आल्यापासून मी पाहिलं नव्हतं.

मामा, मला एक गोष्ट राहून राहून जाणवते. तुमच्या दुकानासमोर आता मोठं मार्ट झालंय, तिथं ट्रॉली भरून माल घेणाऱ्याला कुणी विचारत नाही की घरात माणसं किती. विचारायचं कारणच नाही, त्यांना माल खपवायचाय. माल तर तुम्हाला पण खपवायचाच आहे. तुमचं भाडं आहे, पोराचं कर्ज आहे, गिऱ्हाईक तुटायलंय, हे मला दिसत नाही का. तरी तुम्ही तुमच्याच हातानं आमच्या यादीतल्या निम्म्या ओळींवर रेघ मारलीत. आमचं बिल घटलं तेवढं तुमचं उत्पन्न घटलं, साधा हिशोब आहे. मामी म्हणाल्या, "असं सगळ्यांना सांगत बसलात तर आपलं कसं व्हायचं," तेव्हा तुम्ही म्हणलात की गिऱ्हाईक जगलं तर पंचवीस वर्षं माल घेईल. मामींचं पण चुकत नव्हतं, आणि त्यांनी पण नंतर कधी तोंड वाकडं केलं नाही, उलट मला कमी तेलाची येसर आमटी त्यांनीच शिकवली. मामी, तुमचे पण आभार, मनापासून.

तर वाचणाऱ्या लातूरकरांना माझं एवढंच म्हणणं आहे, ज्वारी, डाळी, वर्षाचं धान्य मामांसारख्या दुकानात भरा. मार्टात मिळतं तेच मिळतं, आणि वर तुमच्या घराची काळजी करणारं माणूस मिळतं. मी माझ्या भिशीतल्या सगळ्या बायांना नेलंय, त्यातल्या चौघींनी खाती उघडली, आणि दोघींची यादी मामांनी पहिल्याच दिवशी कापली.

मामा, मागची बाकी सोयाबीनवर निम्मी दिली, राहिलेली तुरीवर देते, तुम्ही व्याज लावलं नाही म्हणून मी उशीर करणार नाही. पोरीचं स्थळ औशाचं जवळजवळ ठरलंय. साखरपुड्याला तीनशे माणूस होईल, हे म्हणतात केटरर बघू, सासूबाई म्हणतात घरीच आचारी लावू. काही झालं तरी यादी तुमच्यासमोर बसूनच करायची आहे, पुढच्या रविवारी दुपारी येते, तेव्हा दुकानात गर्दी कमी असते. आणि तुम्ही स्वतःची शुगर कधी तपासली होती ते पण मी त्या दिवशी विचारणार आहे, मामींनी सांगितलंय मला.

तुमची,
खात्यावरची लेक