तोंड पोळलं त्याबद्दल

चि. अमोल यास आईचे अनेक आशीर्वाद.

काल गरम तर्रीनं तोंड पोळलं अन् वरून टूथपेस्ट लावली, एवढं सांगून तू बोलता बोलता फोन ठेवला, म्हणून वहीत लिहून फोटो पाठवते. पूर्ण वाचजो. खर्ऱ्याचं, तुझ्या त्या सुपारी-तंबाखूचं, मी काढणार नाही. आज फक्त पोळलेल्या तोंडाचं.

तर्री म्हणजे तिखट रस्सा, त्याच्यावरचा तेलाचा थर वाफ दाबून ठेवतो. वरून निवली वाटते, खाली चटका देण्याइतकी गरम असते, अन् तेल टाळूला चिकटून बसतं. असा घास गिळू नये, चारचौघांत असला तरी थुंकावा. मग माठातलं पाणी तोंडात धरायचं, कोमट झालं की थुंकून नवा घोट, असं पाच-दहा मिनिटं. एका घोटानं आतली धग निघत नाही. बर्फ ठेवू नये, ओल्या कातडीला चिकटतो अन् ओढला की सालटं निघतं. तिखटाची आग मात्र पाण्यानं जात नाही, कारण तिखट पाण्यात विरघळत नाही. त्याला थंड दूध नाहीतर दही. अन् टूथपेस्ट काहून लावली, बाप्पा? तिच्यातला फेस अन् पुदिना जखमेला झोंबतोच.

आता पुढचं. गिलासभर कोमट पाण्यात चहाचा अर्धा चमचा मीठ. जेवल्यावर अन् झोपताना अर्धा मिनिट खुळखुळून थुंकजो. जास्त मिठानं जखम लवकर भरत नाही, नुसती आग होते. फोड आला असेल तर जिभेनं, नखानं फोडू नको, त्याच्याखाली नवी कातडी धरत असते. लवंगेचं तेल नको, ते स्वतःच पोळवतं. ॲस्पिरिनची गोळी गालात दाबून ठेवतात काही पोट्टे, त्यानं तिथली कातडी पांढरी पडून जळते. दुखलं तर पॅरासिटामॉल ५०० ची एक गोळी पोटात घे, दुसरी सहा तासांनंतरच. बधिर करणारी जेल आणली तर ती उतरेपर्यंत काही खाऊ नको, आपलाच गाल चावला जातो.

मेसवाल्या काकूंना बिनतिखट वरण मागजो. दूधभात, ताकातल्या कण्या, सगळं निवलेलं. टोस्ट, चिवडा, टमाटर, लिंबू आठवडाभर बंद. मामा संत्री पाठवणार होता, मीच थांबवलं. जिभेचा शेंडा पोळला असेल तर चव गेल्यासारखी वाटेल, आठवड्या-दोन आठवड्यांत येते.

गिळता आलं नाही, लाळ गळायला लागली, आवाज बसला, श्वास लागला, तर माझ्या फोनची वाट पाहायची नाही. १०८ लावायचा.

अन् तू जाता जाता एक म्हणालास, “तसंही आजकाल साधं वरणही झोंबते.” रात्रभर तेच डोक्यात आहे. पोळल्याची आग एका जागी असते अन् रोज कमी होते. सुपारीची आग साऱ्या तोंडात असते, साध्या भाजीनंही होते. मग गाल आतून पांढुरके अन् ताठ होतात, तोंड उघडणं कमी होत जातं. आरशासमोर उभा राहा. अंगठ्याजवळची, मधली अन् अनामिका, अशी तीन बोटं एकावर एक उभी करून वरच्या अन् खालच्या दातांच्या मध्ये जातात का, पाहा. दोनच गेली तर लपवू नको. नानाजींना भाकर कुस्करून द्यावी लागायची, ते तू पाहिलं आहे. तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोग करते, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ मध्येच नोंदवलं आहे. खर्ऱ्यात तर वरून तंबाखू अन् चुना, अन् तो घोटून पन्नीत मिळतो म्हणून...

बघ, काढणार नव्हते. भाषण झालं, राग मानू नको. सोळाशे मीटर तू कसा धावतो, हे बाबा पारावर सगळ्यांना सांगतात. बाबांना हे कळवलं नाही. पण भरतीचं ग्राउंड मारणाऱ्या पोराला वरण झोंबावं, हे मला पटत नाही, अन् जखम भरेपर्यंत तरी तिच्यावर सुपारीचे तुकडे घासू नको.

आठवड्यात दुखणं कमी झालं नाही, ताप आला, पू दिसला तर डॉक्टरला दाखव. दोन आठवड्यांवर कोणतीही जखम किंवा पांढरा-लाल चट्टा राहिला, दुखत नसला तरी, नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात जा. सकाळी लवकर, आधार कार्ड घेऊन. रूम पार्टनरला सोबत ने. तिथे खर्ऱ्याचं खरं सांगजो, किती वर्षं अन् दिवसाला किती, त्यावरच तपासणी ठरते. मला नाही सांगितलंस तरी चालेल.

तुझी आई