नानांनी कविता परत दिली

प्रिय सुधीर,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तर राहिलं त्याबद्दल भेटलास की हव्या तेवढ्या शिव्या घाल. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच. आज लिहायला बसलो ते नानांमुळे. हे दुसऱ्या कुणाला सांगून कळायचं नाही.

माजी सैनिकांच्या सत्कारात नानांवर कविता वाचायचं माझ्याकडे आलं. लिहिली आणि आधी त्यांनाच दाखवली. ओळीखाली बोट फिरवत त्यांनी शेवटपर्यंत वाचली, कागदाची घडी घातली, माझ्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "छान आहे. पण यातला माणूस मेलाय. मी परत आलो होतो."

तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. सैनिकांवरच्या ज्या कविता आपल्याला पाठ आहेत, त्या बहुतेक गेलेल्यांच्या. इंग्रज कवी बिन्यनची 1914 ची, पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांवरची ती कविता तिकडे आजही युद्धस्मृतिदिनाला म्हणतात : गेलेले म्हातारे होणार नाहीत, उरलेले आपण होऊ. तिच्यावरून आपण रात्रभर भांडलो होतो! ज्यानं बंदूक धरली नाही त्यानं लिहूच नये, बिन्यन तर तेव्हा म्युझियममध्ये नोकरीला होता, असं तुझं म्हणणं. मला ते आजही पटत नाही. पण जे म्हातारे झाले त्यांचं कुणी लिहायचं? तुझा लाडका कवी ओवेन त्याच युद्धात खंदकात राहून लढला, म्हणून त्याच्या कवितेत बूट हरवलेले, चिखलातून लंगडणारे जवान आहेत. तोही 4 नोव्हेंबर 1918 ला, युद्धबंदीला आठवडा उरला असताना मारला गेला.

किपलिंगनं मात्र उरलेल्यांवर लिहिलं. 1854 च्या, क्रिमियातल्या बालाक्लाव्हाच्या लढाईतलं इंग्रज घोडदळ कवी टेनिसननं आपल्या कवितेत अमर केलं होतं. 1890 च्या किपलिंगच्या कवितेत त्यातलेच उरलेले वीस म्हातारे उपाशीपोटी टेनिसनच्याच दारात जातात : आम्हाला वीर म्हणालात, आता आम्ही कसे जगतो तेही लिहा. ती पुन्हा वाचली आणि तसाच उठून नानांकडे गेलो.

त्यांच्या उजव्या बाजूला बसलो. डावा कान तोफांनी नेला, ठाऊक आहेच तुला. बसल्या बसल्या पहिला प्रश्न, "तो सुधीर अजून बिनयमकाचंच लिहितो का?" मग खूप वेळ बोलले. शौर्याचं अवाक्षर नाही. मोजे वाळायचे नाहीत, म्हणून ओले मोजे शर्टाच्या आत पोटाशी ठेवून झोपायचे. परत आल्यावर सगळे म्हणाले, आता विश्रांती घ्या. तिथे काय झालं, हे कुणी विचारलंच नाही. अजूनही मध्यरात्री उठून दाराची कडी बघतात.

सुधीर, या माणसानं झोप दिलीय, कान दिलाय, आणि आपण त्याला हार घालून वीररसाचा श्लोक ऐकवणार? आयोजकांना टाळ्यांची कविता हवीय. मी ती वाचणार नाही. नवी सुरू केलीय :

पोटाच्या उबेनं वाळले मोजे,
सकाळी पुन्हा चिखलात गेले.
घरी आलो तेव्हा सगळे म्हणाले, झोप.
मी कडी बघून येतो.

नानांना दाखवली. दोनदा वाचली, या वेळी कागद स्वतःकडे ठेवला. पुढे कसं न्यायचं ते सुचत नाहीये, म्हणून तुला पाठवतोय.

मंजूच्या परीक्षेचं काय झालं? नव्या घरात ऊन येतं ना? वहिनींना नमस्कार.

लय तुटलीय असं तू म्हणशीलच. हवी तिथे कात्री चालव, फक्त मोज्यांना हात लावू नकोस. आणि लवकर कळव, कार्यक्रम तोंडावर आलाय.

तुझा,
अव्या