दोन हल, एकच मशीन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत जलपर्यटनाच्या कॅटामरान बोटींवर, म्हणजे दोन हल (बोटीची पाण्यात तरंगणारी धडे) वरच्या डेकने जोडलेल्या बोटींवर, आलेला लेख वाचला. जागा भरपूर, डुलणे कमी, हे सगळे खरे. पण खर्च वाचवायला त्याच बोटीला मधोमध एकच आउटबोर्ड (पिछाडीला बाहेरून टांगायचे मशीन) लावला की पुढे काय होते, ते मालवणात मशीनदुरुस्ती करणाऱ्या आम्हा लोकांना विचारा.

तक्रार ठरलेली. देवबागच्या संगमावर कर्ली नदीचे पाणी आणि समुद्राची लाट भिडते, तिथे मशीन एकदम बोंबलते, आरपीएमचा काटा वर पळतो आणि बोट काही पुढे सरकत नाही. मालक म्हणतो, 'कॅव्हिटेशन होतंय, पंखा (प्रोपेलर) बदला.' बहुतेक वेळा ते कॅव्हिटेशन नसतेच. कॅव्हिटेशनमध्ये पात्याच्या पुढच्या अंगाला दाब इतका पडतो की पाणी न तापताच उकळते. पाणी ३० अंशांचे असेल, तर त्यासाठी दाब हवेच्या दाबाच्या साधारण चोविसाव्या हिश्श्यावर यावा लागतो. वाफेचे ते बुडबुडे पात्याजवळ फुटतात आणि धातूला खळगे पाडतात. चार्ल्स पार्सन्स यांच्या १८९४ च्या 'टर्बिनिया' या वाफेच्या टर्बाइनवरच्या बोटीला हेच दुखणे होते. शेवटी तीन शाफ्टवर नऊ पंखे बसवले, तेव्हा ती ३० नॉटच्या पुढे गेली. आमच्याकडे येणारी पाती मात्र गुळगुळीत असतात. तो पंखा हवा खात असतो.

ही हवा येते दोन हलांच्या मधून. दोन्ही हलांच्या नाळींनी (पुढच्या टोकांनी) उडवलेले पाणी मधल्या पोकळीत एकमेकांवर आपटते, डेकचा तळ वरून लाटेवर थापट्या मारतो आणि तो सगळा फेस थेट मशीनवर येतो. त्यात पर्यटक फोटोसाठी पुढे जमले की पिछाडी उचलते. तिथे महागडा पंखा काय करणार? आधी पंखा खोल जाईल असे मशीन ब्रॅकेटवर एक भोक खाली घ्या. शाफ्ट २० इंची असेल तर २५ इंचीचा विचार करा. मशीनच्या पुढे पाणी सरळ करणारा छोटा पॉडही बसवता येतो. कप दिलेला (पात्याची कड किंचित वळवलेला) किंवा चार पात्यांचा पंखा त्यानंतर.

जेट्टीला लागताना तर आणखी पंचाईत. दोन मशीनची कॅटामरान एक पुढे, एक मागे टाकून जागच्या जागी फिरते. इथे ती सोय नाही. लांबलचक हल सरळच जाऊ बघतात, वरचा रुंद भाग वारा धरतो. तांडेल (बोट चालवणारा) घाबरून थ्रॉटल बंद करतो आणि सुकाणूच हातचे जाते, कारण अशी बोट वळते ती पंख्याच्या रेट्यावर. मग मशीन पूर्ण वळवून एकदम थ्रॉटल दिला की पुन्हा हवा! ज्या मशीनचा धूर पंख्याच्या मधूनच बाहेर पडतो, त्याला रिव्हर्समध्ये स्वतःचाच धूर गिळावा लागतो. ऐन वेळी बोट थांबत नाही. म्हणून वारा किंवा पाण्याची ओढ, जे जोरात असेल त्याच्या तोंडावर, गिअर टाकत-काढत हळू यावे.

बोट घेणाऱ्यांनी पैसे चुकते करण्याआधी पूर्ण माणसे भरून, दुपारच्या वाऱ्यात, संगमावरच ट्रायल मागावी. सकाळच्या सपाट खाडीत कुठलीही बोट शहाण्यासारखी वागते. आणि दुसऱ्या मशीनचे पैसे कृपा करून म्युझिक सिस्टीमवर घालू नयेत.

– एक आउटबोर्ड मेकॅनिक, मालवण