खुलं पत्र: खाकीच्या आत नी-पॅड बसत नाही, साहेब

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

खात्याचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. पत्र पोचेपर्यंत ते तुमच्याकडेच असेल याची खात्री नाही.

गेल्या वर्षीच्या महिला दिनाला तुम्ही आमच्या सेटवर आला होतात. हिरोइनबरोबर फोटो झाल्यावर मागे उभ्या असलेल्या आम्हा बायकांनाही बोलावलंत आणि माइकवर म्हणालात, ‘पुढच्या ८ मार्चच्या आत प्रत्येक स्टंट-भगिनीचा विमा उतरवू.’ टाळ्या मीही वाजवल्या. तो ८ मार्च येऊन गेला. त्यानंतर तेराव्या दिवशी मी पडले.

मी डुप्लिकेट. १९ वर्षं हिरोइनींच्या उड्या मारतेय. या सिनेमात हिरोइनबाई पोलीस इन्स्पेक्टर आहेत. गोदामाच्या बाहेरच्या लोखंडी जिन्यावरून हिरो आणि त्या एकदम उडी टाकतात, असा सीन. उंची नऊ-दहा फूट. हिरोच्या डुप्लिकेटला लेदर जॅकेट, ढगळ कार्गो. आत कोपराला, गुडघ्याला, पाठीला पॅड. माझी खाकी पँट अंगावरच शिवल्यासारखी. ड्रेसदादानं बिचाऱ्यानं नी-पॅड आत सारून पाहिलं. कॉस्च्युमवाल्या मॅडम लांबून म्हणाल्या, ‘फुगलेलं दिसतंय, काढा.’ काढलं. खाली खोके होते, वर गादी. तो गादीवर पडला. माझा उजवा गुडघा गादीची कड चुकून फरशीवर आपटला. वाटी फुटली.

उचलून न्यायच्या आधी मॉनिटर पाहिला, सवयच ती. त्याच्यासाठी कॅमेरा जमिनीवर: आधी बूट, मग पंखासारखं उघडणारं जॅकेट, मागे आभाळ. माझ्यासाठी दुसरा कॅमेरा, मागून, कमरेच्या उंचीवर. डुप्लिकेटचा चेहरा दिसू नये, हे कळतं मला. पण साहेब, पायसुद्धा नव्हते हो फ्रेममध्ये. ज्या पायांवर पडायचे पैसे मिळतात तेच नव्हते.

हॉस्पिटलात पँट कात्रीनं कापावी लागली. संध्याकाळी प्रॉडक्शनचा फोन आला. मला वाटलं चौकशीला. ‘पँट कापली का? कंटिन्युइटी आहे, पुढच्या शॉटला तीच लागेल.’

ऑपरेशनचे एक लाख चाळीस हजार. प्रॉडक्शननं पन्नास दिले, उरलेले माझ्या बांगड्यांनी. रात्री कुशीवर वळता येत नाही. संडासला जायला मुलीला उठवावं लागतं, तिची बारावी आहे. हे सगळं लिहायचं नव्हतं, लिहिलं गेलं.

तुम्ही म्हणाल, कपड्यांत आणि कॅमेऱ्यात सरकारनं काय पडायचं? मग सांगते. ‘शोले’त गब्बर आधी बूट आणि दगडांवरून घासत येणारा पट्टा म्हणून येतो. तोंड दिसायच्या आधीच थिएटर घाबरलेलं असतं. त्याच सिनेमात टांगा पळवणारी बसंती काचांवर नाचते. टांग्याच्या दौडीत हेमा मालिनींच्या जागी रेश्मा पठाण होत्या, हे बहुतेकांना कळायला चाळीसेक वर्षं गेली. आणि ‘शोले’च्याही ४० वर्षं आधी, १९३५ मध्ये, वाडियांच्या ‘हंटरवाली’त स्टंट करणारी नटी नादिया बूट, मुखवटा, चाबूक घेऊन कमरेवर हात ठेवून उभी होती, पुढच्याच वर्षी ‘मिस फ्राँटियर मेल’मध्ये रेल्वेच्या टपावर मारामारी. तोकडे कपडे तिचेही होते, पण ते तिला पळता यावं म्हणून. नव्वद वर्षांत आम्ही चाबकावरून तंग खाकीवर आलो.

त्यातही काम मिळालं तर. जरा अवघड उडी असली की मुलग्यालाच विग आणि ओढणी घालतात. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’साठी फाळक्यांना बाई मिळेना म्हणून अण्णा साळुंके तारामती झाले. आज बाया युनियनचं कार्ड घेऊन गेटवर उभ्या आहेत, तरी साळुंकेच चालू. शंभर फायटरांत, म्हणजे स्टंट करणाऱ्यांत, पाच बायकासुद्धा नसतील. माझा आकडा चुकला असेल तर खरा तुम्ही द्या, माणसं तुमच्याकडे आहेत. बाईला मेकअपचं कार्ड मिळावं म्हणून २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाला बोलावं लागलं. आमच्या गुडघ्यासाठी कुठलं कोर्ट शोधू?

सेन्सॉरच्या १९९१ च्या नियमांत बाईची अवहेलना करणारी दृश्यं नकोत, असं लिहिलंय. ते दिल्लीचं काम, हे उत्तर मला पाठ आहे. तुमच्याकडे मागते ते एवढंच: कपड्यांच्या ट्रायलला फाइट मास्टर हजर हवा, आत पॅड बसत नसेल तर तो ड्रेस बाद. बाईची उडी बाईला. आणि तो विमा.

नाहीतरी फ्रेमचं तुम्हाला मी काय शिकवणार? आमच्या नाक्यावरच्या फ्लेक्सवर तुम्ही गॉगल लावून, जॅकेट घालून, दहा फुटी उभे. फोटोग्राफर नक्की उकिडवा बसला असणार. खाली कोपऱ्यात आमच्या महिला राखीव वॉर्डाच्या नगरसेविका, डोक्यावर पदर, हात जोडलेले, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या. शेजारी त्यांचे यजमान, त्यांच्या चौपट. निवडून कोण आलं, फ्लेक्स बघून सांगा. आमचा डायरेक्टर आणि तुमचा फ्लेक्सवाला एकाच शाळेत शिकलेत.

मंगळवारी टाके निघतात. गुरुवारी तुमच्या कार्यालयात येते. लिफ्ट चालू ठेवायला सांगा, कुबड्यांनी जिना चढता येत नाही. आणि फोटो काढणारच असाल तर माझे पाय येऊ द्यात.

आपली,
एक डुप्लिकेट
गोरेगाव (पूर्व)